दरवर्षी गॅस भरावा लागतो, मग एसी टाकून द्यायचा का?

बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात २०१३ चा दीड टनाचा स्प्लिट एसी, गॅस आर-२२. दर उन्हाळ्याच्या तोंडाला कारागीर येतो, "गॅस कमी झालाय" म्हणतो आणि भरून जातो. फ्रिज सतरा वर्षांचा. मुलगी कॉलेजात पर्यावरण शिकते. तिचं म्हणणं असं की एसीचा गॅस कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पट वाईट, डिओच्या फवाऱ्याने ओझोनला भोक पडतं, आजीच्या दम्याच्या पंपातही तोच गॅस आहे, शिवाय मच्छर अगरबत्ती आणि ॲसिड, तेव्हा सगळंच बदला. यजमान म्हणतात, चालतंय तोवर चालू दे. ताईंना एवढंच कळायला हवं आहे की यातलं काय खरोखर बदलायचं आणि काय राहू द्यायचं.

मी बडोद्यात तीसेक वर्षं एसी-फ्रिजचं काम करतो आहे, म्हणून बाजू घेण्यापेक्षा हिशेब मांडतो. प्रश्न वरून "कुठला गॅस चांगला" असा दिसतो, पण मला त्यातला "दरवर्षी गॅस भरतो" हा भाग खटकला. एसीतला गॅस संपत नसतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही, तेलासारखा झिजत नाही. तांब्याच्या बंद नळीत तोच तो गॅस फिरत राहतो, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कंपनीतून भरून आलेला गॅस यंत्र भंगारात जाईपर्यंत पुरायला हवा. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि दरवर्षी भरावा लागत असेल तर दरवर्षी तेवढाच हवेत जातोय. तुमच्या घरापुरता पर्यावरणाचा खरा प्रश्न हा आहे. बाकीचे त्याच्या मागून येतात.

आधी मुलीच्या बोलण्याकडे वळू, कारण ती चुकीची नाही. फक्त तिने दोन वेगळी नुकसानं एका गाठोड्यात बांधली आहेत. पहिलं नुकसान ओझोनचं. जुन्या फ्रिजमधल्या आर-१२ सारख्या क्लोरीनवाल्या वायूंमुळे वरचा ओझोनचा थर विरळ होतो, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडलं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोन विवर जगापुढे आलं आणि १९८७ मध्ये असे वायू बंद करत नेण्याचा माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला आणि २००८ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे त्या जातीच्या वायूंचं उत्पादन थांबलं. तुमचा आर-२२ त्यांचा धाकटा भाऊ. ओझोनचं नुकसान तो आर-१२ च्या साधारण विसाव्या भागाइतकंच करतो, पण करतो. नव्या यंत्रांत तो भरणं आता बंद झालं आहे आणि दुरुस्तीसाठीचा पुरवठाही २०३० पर्यंत आटवत न्यायचा आहे. हा करार कामी आला, हे मुलीला जरूर सांगा. संयुक्त राष्ट्रांच्या अलीकडच्या अहवालानुसार जगाच्या बहुतेक भागावरचा ओझोन २०४० च्या सुमाराला १९८० च्या पातळीवर यायची अपेक्षा आहे.

दुसरं नुकसान उष्णता अडवण्याचं. आर-२२ चा आकडा १८१०, म्हणजे एक किलो हवेत सुटला की शंभर वर्षांच्या हिशेबाने १८१० किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडते. गंमत अशी की ओझोनला वाचवायला जे नवे वायू आणले, त्यांनी हा दुसरा प्रश्न सोडवला नाही. "हिरवा गॅस" म्हणून ज्याचे स्टिकर लागले त्या आर-४१०ए चा आकडा २०८८, म्हणजे आर-२२ पेक्षाही जास्त. फ्रिज आणि मोटारीतल्या आर-१३४ए चा १४३०. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली इथे माँट्रियल करारात दुरुस्ती करावी लागली. भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली. आपल्याकडे या वायूंचा वापर २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने उतरवायचा आहे. तेव्हा स्टिकरवर "ओझोनस्नेही" लिहिलेलं दिसलं तर ते खरं असतं, पण अर्धंच.

आता हिशेब. तुमच्या एसीत साधारण एक किलो गॅस असेल. नेमका आकडा आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेला असतो, बघून घ्या. दरवर्षी अर्धा किलो भरावा लागतो असं धरलं, तर अर्धा किलो हवेत गेला, म्हणजे सुमारे ९०० किलो कार्बन डायऑक्साइड. विजेचं काय? बडोद्यात चार महिने, रोज आठ तास एसी चालला, कंप्रेसर मधेमधे बंद होतो हे धरून तासाला १.२ युनिटच्या आसपास, तर हंगामात साडेअकराशे युनिटं. आपल्या देशातल्या विजेत कोळशाचा वाटा मोठा, त्यामुळे एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे ८०० किलो. अख्ख्या उन्हाळ्याची वीज आणि एका भरणीतला गळलेला गॅस जवळपास बरोबरीला आले! त्यातून गॅस कमी असलेला एसी खोली थंड करायला जास्त वेळ चालतो, म्हणजे लाइट बिलातही तो मारतोच.

हाच एसी गळत नसता, तर मी म्हटलं असतं की गॅसचा विचार सोडा, विजेचा करा. गळतोय म्हणून उत्तर उलटं आहे. तुमच्या शेजाऱ्याकडे हेच मॉडेल असेल आणि त्याला बारा वर्षांत एकदाही गॅस भरावा लागला नसेल, तर त्याला दिलेला सल्ला तुम्हाला लागू पडणार नाही.

मग गळती शोधायची कशी? कारागिराने गेज लावून "प्रेशर कमी आहे" म्हटलं आणि सरळ सिलिंडर जोडला, तर त्याला थांबवा. रीत अशी आहे: उरलेला गॅस काढून घ्यायचा, नळीत कोरडा नायट्रोजन दाबाने भरायचा, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायचं आणि गेजचा काटा तासभर हलतो का ते बघायचं. निम्म्या वेळा दोष सापडतो तो फ्लेअर नटवर, म्हणजे जिथे नळीचं तोंड पसरवून पेच आवळलेला असतो तिथे. तो जोड नवा करायला फार खर्च येत नाही. जोड ठीक असतील तर मग कॉइल, म्हणजे इनडोअर-आउटडोअरमधली तांब्याच्या नळ्यांची जाळी. बडोद्यात भुखी कांस या नाल्याजवळच्या किंवा उघड्या गटारालगतच्या घरांत मी तांबं काळं पडून खाल्लं गेलेलं बघतो. सांडपाण्यातून निघणारा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तांब्याला सोडत नाही. नंदेसरी-मकरपुऱ्याकडच्या औद्योगिक हवेतही कॉइल लवकर जाते.

आणखी एक कारण घराच्या आतलं असतं, ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. व्हिनेगर, काही क्लीनर, चिकटवायचा गोंद, रंग यांच्या वाफेतून आणि ओलाव्यातून सौम्य आम्लं तयार होतात. ती इनडोअरच्या पातळ तांब्यात वारुळातल्या बोगद्यांसारखी बारीक, वळणावळणाची भोकं पाडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण गॅसला पुरतात. मुलीने एसी आणि घरातली रसायनं एकाच दमात विचारली, तिला वाटलं नसेल तेवढा त्यांचा संबंध आहे. कॉइल घरी ॲसिडने धुवू नका, कुणाला धुवू देऊ नका. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुष्कळ होतो.

कॉइलला भोक असेल तर जोड लावता येतो, पण एक भोक बुजवलं की पुढच्या वर्षी शेजारी दुसरं, असं मी खूपदा पाहिलंय. अशा वेळी बारा वर्षांच्या यंत्राला नवी कॉइल घालण्यात अर्थ नाही. जोड ढिला निघाला तर दुरुस्त करा आणि यजमानांच्या म्हणण्याप्रमाणे चालू द्या. गळती कॉइलची असेल तर मुलीचं ऐका.

दुरुस्तीनंतर गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावलाच पाहिजे, कमीत कमी अर्धा तास. बरेच जण पंप आणतच नाहीत. थोडा गॅस सोडून नळीतली हवा बाहेर ढकलतात आणि पुढे भरतात. त्यात गॅस हवेत जातो आणि ओलावा आत राहतो तो वेगळाच, तोच पुढे तेलात आम्ल करून कंप्रेसर खातो. "पंप आणलाय का?" हा प्रश्न फोनवरच विचारा. आणि होळीच्या आधी बोलवा. एप्रिल लागल्यावर आमच्या धंद्यात नायट्रोजन लावून तासभर काट्याकडे बघत बसायला कुणालाच सवड नसते. भरून पुढच्या घरी पळायचं, हा त्या दिवसांचा नियम. कारागिराला दोष देऊन उपयोग नाही, गिऱ्हाईकही "आत्ता थंड करून द्या" एवढंच मागतं.

एक धोका ठळक सांगतो. आर-२२ महाग झाल्यामुळे काही जण जुन्या यंत्रात दुसराच गॅस भरून देतात. आर-४१०ए चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, जुन्या नळ्या त्यासाठी नसतात. प्रोपेनच्या जातीचा गॅस जुन्या यंत्रात घालणं तर आगीशी खेळ, कारण त्या यंत्राची विजेची जोडणी पेटणाऱ्या गॅसचा विचार करून केलेली नसते. सिलिंडरवरचं नाव आणि यंत्राच्या पाटीवरचं नाव जुळलंच पाहिजे.

नवा घ्यायचाच ठरलं तर बाजारात मुख्यतः आर-३२ मिळेल. त्याचा आकडा ६७५ आणि दीड टनाला साधारण ८०० ग्रॅम लागतो, म्हणजे अख्खा सुटला तरी साडेपाचशे किलोच्या आसपास. आर-२९० म्हणजे शुद्ध केलेला प्रोपेन. त्याचा आकडा जेमतेम ३ आणि भरणीही निम्म्याहून कमी. पर्यावरणाच्या बाजूने तो सरळ जिंकतो. पण तो सहज पेट घेतो, म्हणून खोली पुरेशी मोठी हवी आणि हात शिकलेला हवा. तुमच्या भागात त्या कंपनीचा प्रशिक्षित माणूस येतो का, यावर मी तो घ्यायचा की नाही ठरवेन, जाहिरातीवर नाही. आर-३२ सुद्धा थोडाफार पेटतो, तेव्हा तिथेही गॅस काढल्याशिवाय ब्रेझिंगची, म्हणजे नळ्या तापवून जोडण्याची, ज्योत लावू देऊ नका. पाच तारे असलेलं इन्व्हर्टर यंत्र तुमच्या वापराला जुन्यापेक्षा चार-पाचशे युनिटं वाचवेल. २०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतात, तो आकडा उगाच १८ वर ओढू नका. पंखा सोबत लावला तर २६ लाही झोप लागते. अर्थात ज्यांचं घर वरच्या मजल्यावर, उघड्या गच्चीखाली आहे त्यांना मी हे मेमध्ये तोंड वर करून सांगू शकत नाही. त्यांनी आधी गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग मारावा. मग लहान एसी पुरतो.

जुन्याचं काय करायचं, हे बहुतेक लोक विचारतच नाहीत आणि मोठं नुकसान नेमकं तिथे होतं. भंगारवाला तांब्यासाठी येतो. पक्कड लावून नळी तोडतो, फुस्स आवाज येतो, अर्ध्या मिनिटात किलोभर आर-२२ हवेत. वर मांडलेल्या हिशेबाने दोन उन्हाळ्यांच्या विजेहून जास्त कार्बन त्या अर्ध्या मिनिटात गेला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी समा, फतेगंज, अकोट्यापर्यंत घरांत शिरलं, तेव्हा नंतर रस्त्याकडेला फ्रिज आणि एसीची रांग लागली होती. त्यातल्या किती यंत्रांतून कुणी गॅस काढून घेतला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

चालू स्थितीतल्या स्प्लिटमधून गॅस वाचवणं मात्र अवघड नाही. पंप डाऊन म्हणतात त्याला. कंप्रेसर चालू ठेवून आधी बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गॅस सगळा आउटडोअरमध्ये गोळा झाला की जाड नळीचा बंद करायचा आणि यंत्र लगेच थांबवायचं. दहा मिनिटांचं काम, पण कारागिराचं. जोड उघडा असताना किंवा मोठी गळती असताना हे केलं तर आत हवा ओढली जाते आणि कंप्रेसर फुटू शकतो. पुढे आउटडोअरमधून तो गॅस सिलिंडरमध्ये ओढून घ्यायला रिकव्हरीचं मशिन लागतं. ते मोठ्या सर्व्हिस सेंटरकडे असतं, गल्लीतल्या माणसाकडे क्वचितच. ई-कचऱ्याचे नवे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात एसी-फ्रिज येतात आणि ते नीट निकालात काढण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. तेव्हा एक्सचेंजमध्ये देताना दुकानदाराला विचारा की यंत्र नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे जाणार का, आणि तसं लिहून घ्या. माझ्या बघण्यात, विचारणारं गिऱ्हाईक भेटलं की दुकानदार थोडा सावध होतो.

इथवरचं थोडक्यात: आधी गळती शोधा, जोडाची असेल तर दुरुस्त करा, कॉइलची असेल तर एसी बदला, आणि जुना देताना गॅससकट द्या.

फ्रिजचं उत्तर वेगळं. सतरा वर्षांपूर्वीचा म्हणजे बहुतेक आर-१३४ए, शंभर-सव्वाशे ग्रॅम. सगळा सुटला तरी पावणेदोनशे किलो. नव्यात आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, पन्नास-साठ ग्रॅम, त्याचा परिणाम अगदीच नगण्य. पण फ्रिज चोवीस तास, बारा महिने चालतो, म्हणून इथे वीज भारी पडते. दाराचं रबर तपासा. कागदाची पट्टी दारात धरून ओढा, सहज निघाली तर रबर गेलं. ते बदलून भागत असेल तर आधी तेच करा. कंप्रेसर थांबतच नसेल तर फ्रिज बदलायला मी लगेच हो म्हणेन. आणि बर्फ सुरीने खरवडू नका. सिंगल डोअर फ्रिजच्या ॲल्युमिनियमच्या खणात गॅसची नळी असते. आमच्याकडे येणाऱ्या "अचानक थंड करेना" फ्रिजमध्ये सुरीचं भोक ही नेहमीची केस आहे.

आता राहिलेल्या वस्तू भराभर. डिओचा डबा ओझोनला भोक पाडत नाही. तो काळ मागे पडला. हल्ली त्यात दाबासाठी ब्युटेन-प्रोपेन असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्याच जातीचा. त्याची वाफ शहराच्या प्रदूषित हवेत, उन्हात, जमिनीलगतचा ओझोन वाढवायला मदत करते, आणि तो श्वासाला त्रासदायक असतो. रोल-ऑन वापरला तर बरं, पण एसीच्या गळतीसमोर हा किरकोळ विषय. ज्योतीजवळ मात्र फवारू नका.

मच्छर अगरबत्तीचा त्रास हवामानाला नाही, तुमच्या फुप्फुसाला आहे. एका मच्छर कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं मोजमाप झालेलं आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, तीच ती फिरवतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. दार-खिडक्या बंद, एसी चालू आणि कोपऱ्यात मच्छर कॉइल, ही जोडी ताबडतोब मोडा. मच्छरदाणी किंवा खिडकीची जाळी घ्या. संडासाचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच टाकू नका. क्लोरीन निघतो आणि छोट्या बंद बाथरूममध्ये माणूस घुसमटतो.

नॉनस्टिक तव्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी मुलीला आवडेल म्हणून सांगतो. त्या तव्यावरचा लेप ज्या कच्च्या मालातून होतो तो आर-२२ च. असा कच्चा माल म्हणून वापरलेल्या आर-२२ ला माँट्रियल करारात सूट आहे, त्यामुळे एसीतून तो गेला तरी कारखान्यात बनत राहणार आहे. आपल्याजवळ, हालोलच्या पलीकडे रणजितनगरला तो बनतो. तो बनवताना सोबत आर-२३ नावाचा वायू निघतो, त्याचा आकडा १४,८०० आहे. तो जाळून नष्ट करण्याचा तिथला प्रकल्प २००५ मध्ये हवामानबदलाच्या क्योटो कराराखाली नोंदला गेला, आणि किगालीच्या बैठकीच्याच आठवड्यात, ऑक्टोबर २०१६ मध्ये, भारत सरकारने सगळ्या उत्पादकांना तो जाळण्याचा आदेश दिला. म्हणून तवा फेकायचं कारण नाही. लेप सुटायला लागला की बदला आणि रिकामा तापवू नका.

सासूबाईंचा दम्याचा पंप. त्यात दाबासाठी आर-१३४ए असतो हे खरं, आणि कोरड्या पावडरची रोटाकॅप हा बिनागॅसचा पर्यायही आहे. पण पावडर जोरात आत ओढावी लागते, वय झालेल्या माणसाला ते दर वेळी जमत नाही. ते डॉक्टर ठरवतील. तोवर पंप एका दिवसासाठीही बंद करू नका.